परमुलखातील शिबिर

परदेशी जाऊन तेथील विद्यार्थ्यांसाठी नेतृत्वाचे शिबिर चालविण्याची संधी अलीकडे पुष्कळ शिक्षकांना आणि महाविद्यालयीन तरुणांना मिळू लागली आहे. अशा शिबिराचे वेळापत्रक हाती घेतले म्हणजे त्याची ठेवण बहुधा एकाच प्रकारची आढळते. सकाळी प्रार्थना व व्यायाम, मग व्याख्यान, दुपारी गटचर्चा, चहा, पुन्हा चर्चा. आणि रात्रीच्या जेवणानंतर, सारे थकलेले असता, तासाभराचा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’. एखादा दिवस स्थलदर्शनासाठी राखून ठेवलेला असतो आणि त्याच दिवशी खरेदीही उरकावयाची असते. शिकविणे हे काम आणि त्या मुलखाचा आस्वाद घेणे ही करमणूक, अशी ही वाटणी आहे. वरवर पाहता ती रास्तच दिसते. इतका खर्च करून माणसे दूर नेली ती काम करण्यासाठी, असे कोणीही म्हणेल. परंतु या वाटणीमुळे शिबिराचा निम्मा जीव निघून जातो, आणि तो नेमका स्थानिक विद्यार्थ्यांच्या वाट्याचा असतो.

सिल्वासाच्या परिसरातील लोकांना परदेश म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीजांनी १७८३ साली नगर-हवेली आणि १७८५ साली दादरा ताब्यात घेतले. तेव्हापासून १९५४ पर्यंत वापीच्या स्टेशनावर उतरून सिल्वासाला जाणारा माणूस दोन-चार कोसांत परक्या राजवटीत पाऊल टाकीत असे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, पुढे सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि १९६१ साली हा मुलूख भारतात विलीन झाला. या साऱ्या काळात इकडच्या वारल्याची आणि तिकडच्या वारल्याची सोयरीक तुटली नाही. सरकारचा परदेश आणि माणसांचा परदेश हे निरनिराळे असतात, ही गोष्ट येथे आजी नातवाला सहज सांगू शकते. शिबिरास जाणाऱ्याने ती आधी ऐकून घ्यावी.

दुसऱ्या मुलखातून येऊन नेतृत्वाचे शिक्षण देणे आणि घेणे यासाठीच बांधलेली एक वास्तू महाराष्ट्रात आहे. पुण्यास आळंदी रस्त्यावर विश्रांतवाडीजवळ ‘संगम’ नावाचे केंद्र आहे. वीरबालांच्या, म्हणजे गर्ल गाईड मुलींच्या, जागतिक संघटनेचे ते केंद्र असून १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ही संघटना १९२८ साली स्थापन झाली आणि आज सुमारे दीडशे देशांत तिच्या शाखा आहेत. आपल्याकडे या चळवळीचे पहिले पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले होते. संगमच्या आधी अशी केंद्रे स्वित्झर्लंडमध्ये आडेलबोडेन येथे, लंडनमध्ये आणि मेक्सिकोत कुएर्नावाका येथे उघडली होती. आशियातील केंद्र पुण्यास आले आणि त्याला नावही आपल्या भाषेतील मिळाले, हे पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसते.

यांपैकी आडेलबोडेनचे घर सर्वांत जुने. ते १९३२ साली उघडले आणि त्यासाठी लागणारा पैसा हेलन स्टॉरो या अमेरिकन बाईंनी दिला. त्याच वर्षी अमेरिकेतील वीरबाला चळवळीच्या संस्थापिका ज्युलिएट लो यांच्या नावाचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन त्या घरी भरले. निरनिराळ्या देशांतील मुली एकत्र राहून पुढारीपणाचे धडे घेतात, ही रीत तेथून सुरू झाली म्हटले तरी चालेल. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. हेलन स्टॉरो बाईंचे दुसरे वेड म्हणजे इंग्लंडमधील खेड्यांतली जुनी नृत्ये. ती अमेरिकेत रुजावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली. ज्या बाईला खेड्यातल्या नाचाची इतकी ओढ, तिलाच मुलींच्या नेतृत्वासाठी घर बांधून द्यावेसे वाटावे, यात मोठेसे नवल नाही. नाचात पाऊल चुकले तर चूक आपली, हे मान्य करावे लागते. आणि शेजारचा सावरून घेतो, हेही कळते.

संगममध्ये आलेल्या पाहुण्यांना लहान लहान गटांनी विश्रांतवाडीच्या बाजारात धाडण्याची प्रथा आहे. हा दिसावयास खेळ आहे, पण व्याख्यानांहून त्याची योग्यता कमी नाही. ऑस्ट्रेलियातून किंवा इंग्लंडमधून आलेली, घरी चाळीस मुलींचे पथक सांभाळणारी एखादी प्रौढ बाई भाजीवाल्या मावशींसमोर उभी राहते. तिला पडवळ आणि दोडका यांतला भेद कळत नाही. पावशेर म्हणजे किती, हे कळत नाही. मावशींनी मान हलविली ती होकाराची की नकाराची, हेही उमगत नाही. रस्ता ओलांडणे हेच एक साहस होऊन बसते. आपल्या गावी जिच्या शब्दावर चाळीस मुली उठतात-बसतात, ती येथे शाळेत नव्याने घातलेल्या पोरीसारखी होते. मग ती हसते, खुणा करते, पैसे तळहातावर पसरून धरते. मावशी त्यातले मोजून घेतात, वर कोथिंबिरीची काडी टाकतात, आणि व्यवहार पुरा होतो. अनोळखी माणसावर विश्वास टाकल्यावाचून ज्याचे पाऊल पुढे पडत नाही, अशा स्थितीत पुढाऱ्याने अधूनमधून राहिले पाहिजे. फळ्यावर कितीही लिहिले तरी ही स्थिती अंगी अनुभवता येत नाही.

या प्रथेत एक भर घालण्यासारखी आहे. प्रत्येक गटाबरोबर त्याच वस्तीतील एक शाळकरी मुलगी द्यावी, आणि त्या दोन तासांपुरती गटनायिका तीच असावी. नावाची नव्हे, खरी. कोठून जावयाचे, कोणाशी बोलावयाचे, किती वाजता परतावयाचे, हे तिने ठरवावे. सकाळच्या चर्चेत हीच मुलगी गप्प बसलेली असते. कारण चर्चा इंग्रजीत चालते आणि आपले इंग्रजी लोक हसतील असे तिला वाटते. शिबिर चालविणारे तिच्या पुढे ‘लाजाळू’ अशी नोंद करतात. बाजारात तिची जीभ सुटलेली पाहिली म्हणजे ती नोंद खोडावी लागते. बेडन-पॉवेल यांनी आपल्या चळवळीचा पाया घातला तो टोळी-पद्धतीवर. सहा-आठ मुलांची टोळी, तिचा नायक त्यांच्यातलाच, आणि त्याच्यावर टाकलेली जबाबदारी खरीखुरी, खोट्या रुपयासारखी नव्हे. परक्या मुलखात जबाबदारी खरी ठेवावयाची असेल तर जेथे पाहुणा अडतो तेथेच ती स्थानिक मुलाच्या हाती द्यावी लागेल. आणि पाहुणा अडतो तो खाण्यात, बोलण्यात, वाटेवर आणि सणासुदीत.

अमेरिकेतील डोनाल्ड वॉट यांनी १९३२ साली काही मुले युरोपात नेली. सुरुवातीस शिबिराचाच घाट होता. मुले एकत्र राहिली तर मैत्री होईल, असा हिशेब. परंतु शिबिरात एका देशाची मुले एकमेकांनाच धरून राहतात, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला सांगावे लागत नाही. पुढे वॉट यांनी एकेका मुलाला एकेका कुटुंबात राहावयास पाठविण्याची पद्धत घातली, आणि त्यांच्या संस्थेचे नाव झाले ते या पद्धतीमुळे. सार्जंट श्रायव्हर हे या उपक्रमातून युरोपात जाऊन आलेले तरुण. १९६१ साली अमेरिकेचे शांतिदल निघाले तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच झाले. आपल्याकडे साने गुरुजींनी आंतरभारतीचे जे स्वप्न पाहिले त्यातही एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याच्या घरी जाऊन राहावे, ही ओढ होती. गुरुजी १९५० साली गेले. त्यांना परदेशांपेक्षा आपल्याच देशातील परकेपण अधिक सलत होते.

संगमच्या दारावरून जाणाऱ्या आळंदी रस्त्याचा विचार करा. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते ती दिघी, विश्रांतवाडी या मार्गाने पुण्यात येते. परदेशी पाहुणे हा सोहळा पाहतात आणि मोहून जातात. टाळ-मृदंग, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, पताका यांची छायाचित्रे घेतात. त्यात वाईट काही नाही. पण नेतृत्वाचे शिबिर भरविणाऱ्याने आणखी एक गोष्ट त्यांना दाखविली पाहिजे. वारीतील दिंड्यांना क्रम ठरलेला असतो. कोणती रथापुढे, कोणती रथामागे, यात घोळ होत नाही. मुक्कामी पोचल्यावर पालखीभोवती समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार आपला दंड उंच करतो, आणि क्षणात सारे शांत होते. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ थांबवीत नाही. एवढ्या शांततेत तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, त्यानंतर आरती. लाखो माणसांच्या समुदायात लहानातल्या लहान दिंडीने आपले म्हणणे कसे मांडावे, याची ही रीत आहे. तिला ध्वनिक्षेपक लागत नाही की अर्जाचा नमुना लागत नाही. दुपारच्या गटचर्चेत ‘मतभेद कसे मिटवावेत’ या विषयावर जे बोलले जाते ते याच्यापुढे फार फिके पडेल. हा सोहळा ज्याने नुसता कॅमेऱ्यातून पाहिला त्याची आरती हुकलीच, पण शिबिरही हुकले.

आता नगर-हवेलीकडे वळू. समजा, किलवणीच्या एखाद्या शाळेत परदेशी विद्यार्थ्यांचे व गावच्या विद्यार्थ्यांचे आठ दिवसांचे संयुक्त शिबिर भरावयाचे आहे. सिल्वासात आदिवासी जीवनाचे संग्रहालय आहे, तेथे एक सकाळ जाईल. रात्री तारप्याचा नाच ठरेल. तो तर ठरणारच. पाहुणे खुर्च्यांवर बसतील, नाच दहा मिनिटांत आवरता घ्या म्हणून निरोप जाईल, आणि टाळ्या होतील. हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे.

पण तारप्याचा नाच खुर्चीवर बसून पाहण्याचा नव्हे. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांनी केलेले ते वाद्य. वाजविणारा मध्ये असतो. त्याच्याभोवती माणसे एकमेकांना धरून साखळी करतात, आणि ती साखळी सापाच्या वेटोळ्यासारखी फिरते. तारपावाला सूर बदलतो तशी साखळीची दिशा बदलते. साखळीच्या टोकाला जो असतो तो सर्वांना नेतो. पण तो स्वतः सुराच्या आज्ञेत असतो, आणि तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. येथे पुढारी कोण, असा प्रश्न शिबिरातील मुलांना घालावा. मध्ये उभा राहून वाजविणारा? तो तर कोणाला ओढीत नाही. टोकाचा नाचणारा? तो सुरावाचून हलत नाही. की मधल्या माणसांनी धरलेले हात? एखादा हात सुटला तर नाच तेथेच मोडतो. या एका प्रश्नावर दोन तास बोलता येईल, आणि गावची मुले त्यात पाहुण्यांपेक्षा सरस ठरतील; कारण त्यांनी ती साखळी लहानपणापासून अंगाने जाणली आहे. अट एवढीच की पाहुण्यांनी आधी साखळीत शिरून नाचावे, आणि चर्चा मुलांच्या बोलीत व्हावी. दुभाषी पाहुण्यांना लागला तर लागू द्यावा. नेहमी एकाच बाजूला दुभाषी का लागावा?

भाताची कापणी झाल्यावर तारपा वाजू लागतो. शिबिर मात्र पाहुण्यांच्या सुट्टीत बसविण्याची रूढी आहे. मे महिन्याच्या उन्हात किंवा लावणीच्या चिखलात शिबिर ठेवले तर नाच मागणीवरून करावा लागेल, आणि मोठी मुले शेतावर असतील. तारखा ठरविताना गावच्या वडीलधाऱ्यांना विचारणे हा केवळ शिष्टाचार नव्हे; शिबिर कोणाचे, हे तेथेच ठरते.

वारली चित्रांचेही असेच होते. अर्ध्या तासात दोन त्रिकोण जोडून माणूस काढावयास शिकविले जाते आणि पाहुणे आनंदाने तो कागद घरी नेतात. हा चौक मुळात लग्नाचा आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणते तेव्हा त्याला पूर्णता येते. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या खटपटीने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. तेव्हा कागदावर काढू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु काढण्याआधी कोणाच्या तरी आजीकडून चौकाची हकीगत ऐकावी, आणि ऐकताना हातात पेन्सिल नसावी. मुलांनी आजीकडे पाहुण्यांना नेले, ओळख करून दिली, तिचे बोलणे सांगितले, तर त्या दिवशीचा नेतृत्वाचा पाठ झाला असे समजून फळा पुसून टाकावा.

परदेशी शिबिरांना ‘सेवा’ जोडण्याची एक पद्धत पडली आहे. पाहुण्यांनी दोन दिवस एखाद्या बालवाडीत किंवा अनाथाश्रमात काम करावयाचे. हेतू उत्तम असतो. पण आठ दिवसांत सेवा होत नाही, ओळख होते. आणि ओळखीला ओळख म्हणण्यात कमीपणा नाही. बालवाडीच्या बाईंना दर महिन्याला नवे पाहुणे, नवी गाणी आणि नवे निरोप सोसावे लागतात, आणि मुले दर वेळी नव्या ताईला लळा लावून बसतात. याचा विचार वेळापत्रक आखणाऱ्याने करावा. त्यापेक्षा पाहुण्यांनी बाईंच्या हाताखाली भाकरी थापावी. भाकरी फुटेल, मुले हसतील. नागलीची भाकरी गोल येण्यास आठ दिवस पुरत नाहीत, हे पाहुण्यांना कळेल.

श्रोतेहो, या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते, आणि ती पैशाची आहे. प्रवास बहुतेक एकाच दिशेने होतो. ज्याच्यापाशी विमानाचे भाडे आहे तो येतो, शिकवितो, पाहतो आणि जातो. ज्याचे गाव पाहिले तो यजमानच राहतो. वीरबालांच्या संघटनेत ज्युलिएट लो यांच्या स्मरणार्थ एक निधी आहे. १९२७ साली त्या वारल्या तेव्हा तो उभारला गेला, आणि त्यातून एका देशाच्या मुलींना दुसऱ्या देशात जाण्यास साहाय्य मिळते. त्याच संघटनेने २०१२ साली आफ्रिकेत ‘कुसाफिरी’ हे पाचवे केंद्र सुरू केले तेव्हा त्याला घरच बांधले नाही. ते निरनिराळ्या देशांत भरते. त्यामुळे यजमानपण फिरत राहते. ही कल्पना आपल्या शाळांनी उचलण्याजोगी आहे. जी शाळा परदेशी पथक बोलावील तिने पहिल्याच पत्रात विचारावे की आमची मुले तुमच्याकडे कोणत्या साली येणार आणि भाडे कसे जमवावयाचे. उत्तर गोलमाल आले तर शिबिर लांबणीवर टाकण्यास हरकत नाही.

किलवणीच्या बारा मुली उद्या आडेलबोडेनला निघाल्याच, तर त्या तेथे शिकावयास जातील तशा शिकवावयासही जातील. आल्प्सच्या बर्फात त्यांची अवस्था विश्रांतवाडीच्या बाजारातील त्या बाईसारखी होईल, आणि स्वित्झर्लंडची एखादी शाळकरी पोर त्यांचा हात धरून त्यांना चालावयास शिकवील. एक दिवस मात्र त्यांचा असावा. त्या दिवशी तिकडच्या मुलींनी साखळीत हात गुंफावेत. यात एक अडचण आहे, ती आताच लक्षात घ्यावी. तारपा वाजविणारे बहुधा पुरुषच असतात. पथकाबरोबर गावातील एखादे अनुभवी काका न्यावे लागतील, आणि वाद्य नाजूक, ते सामानात टाकून भागणार नाही. काकांच्या मांडीवरच जाईल. काकांपाशी जन्मतारखेचा दाखला असण्याचा संभव थोडा. पासपोर्टसाठी कोणती कागदपत्रे चालतात याची चौकशी शाळेने करावी, आणि मुलींच्या अर्जांच्या आधी काकांचा अर्ज भरावा.